टिंब

इरी सरोवरावरून बर्फ आडवा येत होता
त्या शनिवारी लिऑन कुझमिकीच्या गॅरेजमध्ये
मी पहिल्यांदा पातं बसवलं.
पाच नंबरचं, तारेहून बारीक.
"ताण बघ," म्हणाला, आणि नखानं छेडलं.
टण्. अजून अर्धा आटा. टिण्.
आता बरोबर.

चाळीस वर्षं यानं रेल्वेची इंजिनं जोडली.
आता पाव इंची फळीतून देवदूत काढतो,
नाताळात चर्चच्या तळघरात विकतो.
एक देवदूत सहा डॉलर,
पंख मोडका असेल तर चार.

मला यंत्र ओळखीचं वाटलं.
शिलाई मशीनचा कुणी चुलतभाऊ.
तेच पायाखालचं पेडल, तीच खालीवर घाई.
ब्लाउजच्या गळ्याला सुई वळत नाही,
कापड वळवावं लागतं, तसंच हे.
"ढकलू नकोस. पात्याला जेवू दे."
मी ढकललं.
दुपारपर्यंत तीन पाती मोडली.

मार्चमध्ये त्यानं विचारलं,
तुमच्या लिपीत वांडा कसं लिहितात?
विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहून दिलं.
सांगितलं, आमच्यात वांड म्हणजे
कुणाचं न ऐकणारं, दंगेखोर पोर.
"होतीच ती," म्हणाला,
आणि ड्रिलला टोक बसवायला
उगाच फार वेळ लावला.

अक्रोडाची फळी. फळीवर निळी टेप, टेपवर कागद.
आतलं आधी कापायचं, बाहेरची रेघ शेवटी,
नाहीतर धरायला हातात काही उरत नाही.
व-च्या पोटात भोक पाडून पातं ओवलं.
पोट सुटून पडलं, करंगळीच्या नखाएवढं.
इंग्रजी अक्षरं कापली की सुटी होतात,
आमची शिरोरेघेला लोंबकळतात,
दोरीवरच्या कपड्यांसारखी.
लिऑनला ती रेघ फार आवडली.
"तुमच्यात कुणीतरी इंजिनिअर होता."

पण टिंब?
त्याला कशाचाच आधार नाही.
रेघेच्या वर, हवेत.
"बारीक पूल ठेवू या?"
मी म्हटलं, पूल ठेवला तर
ते टिंब राहत नाही, मात्रा होते भलतीच.

मग वेगळं कापलं, चेरीच्या तुकड्यातून.
शेवटच्या वळणावर ते उडालं.
यंत्राखाली, भुशात, कुठंतरी.

आम्ही दोघं गुडघ्यांवर.
माझे एकसष्टचे, त्याचे एकोणऐंशीचे.
दुसरं कापते, मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम.
तो उठला, घरात गेला,
पिठाची चाळणी घेऊन आला, पत्र्याची,
कडेच्या खाचेत पीठ अजून धरून असलेली.
खाली बसला आणि आख्ख्या हिवाळ्याचा भुसा
मूठ मूठ करून चाळत राहिला.
मी हीटर जवळ सरकवला.
बोलले नाही.

सापडलं. मसुराएवढं.

मग घासणं. एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस.
शेवटचा कागद इतका मऊ
की आपण काही करतोय असं वाटतच नाही.
मागची बाजू कोरडी ठेवून, तिथं डिंक लागणार,
पुढून जवसाचं तेल चोळलं.
धुळकट राखाडी अक्षरात
एकदम लाकूड आलं.
टिंब तांबूस झालं, जवळजवळ ओठासारखं.
"वीस मिनिटं पिऊ दे. मग पूस.
राहिलेलं तेल वर्षभर चिकटतं."

आणि चिंधी चुरगळून टाकायची नाही.
तेलाची चिंधी बोळ्यात आपली आपण पेटते,
काडी लावावी लागत नाही.
उलगडून कुंपणावर टाकायची, एकेक, वाऱ्याला.
चिंधी म्हणजे बाही होती,
निळ्या बारीक फुलांची, बटणासकट.
मी विचारलं नाही.
सकाळी ती पापडासारखी ताठ.

पाटी आता त्याच्या दाराशी आहे.
पोस्टमन विचारतो, काय लिहिलंय हे?
लिऑन आधी टिंबावर बोट ठेवतो,
तिथून वाचायला सुरुवात करतो.