मधला मजला

खाली, पालघरला, माणसं बोलतात.
पिंजऱ्यात उभी राहून भिकीबाई धनमेहेर जे म्हणाली
ते लघुलेखकाने तसंच्या तसं टिपलं,
मध्येच एक ओळ : साक्षीदार थांबते, पाणी मागते.
ठाण्याच्या जिल्हा कोर्टाने ते पुन्हा वाचलं,
पुन्हा तिच्याच बाजूने निकाल दिला.
मग तरे अपिलात आले,
आणि अकरा वर्षांनी तो गठ्ठा
फोर्टातल्या या दगडी इमारतीत
गोल जिना चढून माझ्या टेबलाशी.
लाल फीत. दोन टाचण्या गंजलेल्या.
पान चाळीसला कोणाच्या तरी चहाचा कप.

वर दिल्ली आहे.
आमच्याकडे कोणी शपथ घेत नाही.
आवंढा, घाम, पदराचं टोक, काही दिसत नाही.
घटना खालीच संपल्या, असं कलम शंभर सांगतं,
इथे फक्त विचारायचं की
यात कायद्याचा भरीव प्रश्न आहे का.
तेही इंग्रजीत.
म्हणून मी. भाषांतरकार, अपील शाखा,
रोज दहा पानं, शनिवारी सहा.

सातपाटीला दोन घरांमधून दर्याकडे एक बोळ जातो.
रुंदी तीन हात. जाळं खांद्यावर घेऊन
एक माणूस आडवा न होता जाईल एवढा.
तरेंनी त्यावर भिंत घातली.
उलटतपासात वकिलाने विचारलं, वाटेचं काय?
भिकीबाई म्हणाली :
'सासऱ्यांच्या वेळेलाच आम्ही वाट सोडली.'

दिवसाचं नववं पान होतं.
साडेपाच वाजत आले होते, शिपाई खिडक्या लावत होता.
मी लिहिलं : ॲबँडन्ड.

तीन महिन्यांनी तो शब्द
कोर्ट क्रमांक एकोणीसमध्ये उभा राहिला.
तरेंच्या वकिलांनी त्यावर बोट ठेवलं,
माय लॉर्ड, बाईनेच कबूल केलंय.
कोलकात्याहून बदलून आलेले न्यायमूर्ती
मान हलवत पेन उघडत होते.
तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगी उठली,
ज्युनियर, काळ्या कोटाची बाही लांब झालेली,
'मूळ मराठी बघावं,' म्हणाली. आवाज चिरकला तिचा.

मला खालून वर बोलावलं.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
मी त्या खोलीत उभी राहिले, जिथे माझी पानं रोज जातात.
मूळ ओळ वाचली. मोठ्याने, भिकीबाईच्या चालीत,
ती चाल मला कुठून आली कोण जाणे.
मग सांगितलं,
साहेब, आमच्याकडे पंगतीतून वाढप्याला वाट सोडतात.
घर बांधताना शेजाऱ्याला वाट सोडतात.
वाट सोडणं म्हणजे आपल्या अंगणातली जागा
दुसऱ्याच्या पायांसाठी मोकळी ठेवणं.
दुसराही अर्थ होतो.
तो मी लिहिला. चूक माझी आहे.

कोणी काही बोललं नाही.
न्यायमूर्ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, त्यांच्या भाषेत.
बहुधा तिकडेही वाट सुटत असावी.
मग चष्मा काढला, म्हणाले,
भरीव प्रश्न दिसत नाही. अपील फेटाळलं.
पुढचं प्रकरण बावन्न.

पायऱ्या उतरताना मी कठड्याला धरून होते.
पालघरला हा प्रश्नच पडला नव्हता कोणाला.
तिथल्या मुन्सफाला वाट म्हणजे काय ते माहीत होतं,
त्याच्या शिपायालाही.
चूक जन्मली ती इथे, मधल्या मजल्यावर,
आणि मिटली तीही इथेच,
एका पोरीने चिरक्या आवाजात हटकलं म्हणून.
ती त्या दिवशी तापाने घरी असती तर?

भिकीबाई दोन वर्षांपूर्वीच गेली, असं नंतर कळलं.
वारस म्हणून रेकॉर्डवर तिची सून आहे.

तरे आता दिल्लीला जाणार म्हणतात.
गठ्ठा पुन्हा बांधला. नवी टाचणी घेतली,
पान एकसष्टला माझं शुद्धिपत्र टोचलं,
चार ओळींचं, सही, तारीख.
बोटाला जरा लागलं.
वर कोण वाचतं मला माहीत नाही.
समासात मी थोडी जागा सोडली आहे.