बरणी

गल्ल्याशेजारी काकडीच्या लोणच्याची जुनी बरणी.
झाकणाला चीर मीच पाडली, स्क्रूड्रायव्हरने.
बोट कापलं तेव्हा. टाके घातले नाहीत,
टाक्यांना किती पडतात ते माहीत होतं.
काचेवर अर्लीनचा फोटो: स्कूलबसच्या पायरीवर, हसताना,
केस होते तेव्हाचा.
फोटोच्या कडेने जुन्या चिकटपट्ट्यांचे पिवळे डाग.
याच काचेवरचा हा तिसरा चेहरा.

शुक्रवारी व्हर्जिल स्टॅम्पर येतो.
खिळे, कोंबड्यांचं खाद्य, आणि काउंटरवर मूठ:
"नवा कायदा आला की टॅक्स वाढणार, लिहून ठेव.
माझ्या खिशात सरकारचा हात नको."
बोलता बोलता वीसची नोट काढतो,
आकडा दिसू नये अशा चार घड्या घालतो
आणि चिरेतून आत सारतो.
दर शुक्रवारी. पावती न मागता.

मी पावत्यांची गुंडाळी ओढली, कोऱ्या बाजूला लिहिलं.
विम्याचा हप्ता, जो पगार हातात येण्याआधीच निघून जातो.
मग विमा जागा होईपर्यंत पहिले सहा हजार तुझेच.
ल्युएलाचं इन्सुलिन, जे ती दोन दिवसांचं तीन दिवस पुरवते
आणि तुला सांगत नाही.
(मला सांगते. काउंटर म्हणजे अर्धं चर्चच.)
बंबवाल्यांच्या हॉलमधली मदतीची स्पॅगेटीची जेवणं, यंदा अकरा.
सगळ्यात खाली, तुझा तो वाढणारा टॅक्स.
बेरीज तू कर, म्हटलं. चष्मा लाव.

चष्मा लावला नाही त्याने.
"बरणीचं वेगळं," म्हणाला. "ते मी मनाने देतो."

खरंय. मनाने देतोस.
आणि मन अर्लीनला देतं, कारण तीस वर्षं
तिने तुझी पोरं, मग पोरांची पोरं, बर्फातून शाळेत नेली.
मर्ल टूमी आठवतो?
नदीकाठच्या ट्रेलरमधला, उधारी बुडवणारा,
कुणाच्याही कुत्र्यावर ओरडणारा?
त्याचा पाय काळा पडत गेला त्या हिवाळ्यात
बरणी रिकामीच होती. इथेच, शेल्फखाली,
मी धुऊन पालथी घातलेली.
त्याचा फोटो कुणाकडे नव्हता.
असता तर मी लावला असता का,
ते मला विचारू नकोस.

टॅक्स मला आवडतो असं नाही, व्हर्जिल.
पण टॅक्सला फोटो लागत नाही.

तो गप्प. बाहेर त्याचा ट्रक चालूच होता,
पेट्रोल जळत होतं, त्याचंच.
मी खिळ्यांचे पैसे सांगितले, वर सव्वासात टक्के विक्रीकर.
मोजून दिले, कुरकुर न करता.
सुटे परत घेतले, तळहातावर खुळखुळवले,
बरणीकडे पाहिलं.
मग शेल्फखाली,
जिथे आता काहीच ठेवलेलं नाही.