पालथं, उताणं

त्सोलाकला दोन अक्षरं एकच दिसतात.
ո हे व्हो. ս हे से.
एकाचं तोंड जमिनीकडे, दुसऱ्याचं आभाळाकडे,
बाकी अंगकाठी तीच, उंची तीच,
जुळ्यांतला एक शीर्षासन करतोय, एवढाच काय तो फरक.

ऑक्टोबरपासून मी सांगतेय.
फळ्यावर खडूने, खिडकीच्या वाफेवर बोटाने,
त्याच्या पाठीवर, जाड स्वेटरवरून:
हे काय? से.
आणि हे? से.
लाल पेनाची रिफिल संपली.
पेरचुही बाईंनी वही चाळली, म्हणाल्या,
लक्षच नाही पोराचं.

लक्ष आहे. फार आहे.
अंधारात चप्पल डावी की उजवी
चाचपावी तसा तो अक्षराकडे बघतो.

आणि खरं सांगू का, त्याचं काही चुकत नाही.
सात वर्षं जगाने त्याला हेच शिकवलं:
खुर्ची पडली तरी खुर्ची,
मांजर उलटं लोळलं तरी मांजर,
गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांची लाडा
आरागात्सच्या उतारावरून घसरली,
खड्ड्यात चाकं वर करून पडली
तेव्हाही ती लाडाच होती,
गावभर तिला लाडाच म्हणत होते.
मग एका सकाळी एक बाई येते, सांगते,
इथे मात्र उलटलं की नाव बदलतं.
का बदलावं?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी वर्गातली शेगडी धूर ओकायला लागली.
सगळ्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेले.
झारुही मावशींचा सुपाचा दिवस.
धुतलेली पातेली फळीवर ओळीने पालथी, थेंब गाळत.
त्यांनी एक काढलं, उताणं केलं, आचेवर ठेवलं
आणि ओंजळभर मसूर आत. खळ्ळ.

बाही ओढली गेली.
"बाई, व्होस्प."
हो रे, मसूरच. मसुरीला व्होस्पच म्हणतात आपल्यात.
"तसं नाही. व्हो... स... प."
हवेत बोट.
आधी पालथं.
मग उताणं.
मग पे, तो आपला मागून येतो.

आणि आधी उताणं काढून मग पालथं काढलं तर?
तो फळीकडे बघत राहिला. पातेल्याकडे. माझ्याकडे.
"सांडेल!"
इतक्या मोठ्याने की मावशींच्या हातून डाव पडला.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात,
ते मी पाच महिने ओतत होते.
घडा त्याने स्वतः उलटा केला.
मी नुसती बाजूला उभी,
डोळ्यांत धूर गेला म्हणून सगळ्यांना सांगत.

तिथून सगळं सुरळीत झालं असं समजू नका.
गुरुवारी वडिलांना पत्र लिहिलं, रोस्तोवला,
तिथे ते लाद्या बसवतात.
माझं तुमच्यावर प्रेम आहे, हे आमच्याकडे से-पासून सुरू होतं.
त्याने पालथं काढलं.
मी नवं लाल पेन उघडलं,
जरा वेळ धरलं,
टोपण लावून टाकलं.

रविवारी फोन आला. आईने नंतर मला सांगितलं:
वाचलं म्हणाला, एका शब्दापाशी
मान थोडी वाकडी करावी लागली.
पण सगळं होतं त्यात. सांडलं काही नव्हतं.

आता शुद्धलेखन घालते तेव्हा बाकाखाली नजर जाते.
छोटा हात: पालथा, उताणा, परत पालथा,
मग पेन्सिल उचलतो.
कधी बरोबर. कधी नाही.
पेरचुही बाई म्हणतात, ही काय सवय.
मी काही बोलत नाही.

काल हजेरीपटावर सिरानुशचं नाव लिहिताना
टेबलाखाली
माझाच डावा हात उताणा झाला.