पाळी

उशिरा पोचले, म्हणून निवडून आले.
नववी ब चा वर्ग, पोरांच्या मापाचे बाक,
गुडघे आडवे घालून बसलेली तीसेक माणसं
आणि दारात मी, हाताला अजून कणकेचा वास.
"या, तुम्हीच राहिला होता," कर्डिले सर म्हणाले,
"सहसचिव. हरकत कुणाची?"
कुणाचीच नव्हती. माझी विचारली नाही.
रजिस्टर पुढ्यात आलं, दोरीला बांधलेल्या पेनासकट.

विषय पहिला : गॅदरिंगची वर्गणी. पन्नास मिनिटं.
विषय दुसरा : दप्तराचं ओझं. मग चहा.
तिसरा पत्रिकेवर नव्हताच.
नसरीनभाभी उठल्या, दहावीचा हजेरीपट मागून घेतला
आणि मुलींच्या रांगेवरून बोट नेत गेल्या :
"हे ग, ग, ग, ग. चार दिवस.
पुढच्या महिन्यात पुन्हा ग, ग, ग.
आजारी नाहीत या, सर. पाळी असते
आणि संडासाला आतून कडी नाही."

शब्द पंख्याला जाऊन अडकला असावा,
सगळे पुरुष वरच बघायला लागले.
सोसायटीतले धारप मनगटावरच्या
सेलच्या घड्याळाला किल्ली देऊ लागले.
माझं पेन थांबलं. आठवीत सुटलेली मी,
असलं काही शाळेच्या वहीत लिहितात का, ठाऊक नव्हतं.
मोडकबाई, गणिताच्या, रिटायरला दोन वर्षं,
खडू पुसावा तितक्या सहज बोलल्या :
"लिहा. प ला काना, ळ ला दुसरी वेलांटी."

रविवारी ओव्हाळ आले, दांडेकर पुलाजवळचे वेल्डर,
तिन्ही दारांना कड्या बसवून गेले. आतून.
पैसे नकोत, चहा पाजा म्हणाले,
मग चहाही राहिला, उपास आठवला त्यांना.
बादल्या भाभींनी आणल्या, पावती जोडली आहे.

पुढची सभा जादा तासांची.
सुटायला साडेसात, आणि घराकडे जायला कॅनॉलची कड.
दिवे दिवाळीपासून बंद.
महापालिकेला अर्ज तीन दिले,
पोच तिन्हींची मिळाली.
पाणी सुटलं की कॅनॉल वाजत राहतो,
बंद असला की गप्प. मुली म्हणतात, गप्पच वाईट.
कुणी म्हणालं तास बंद करा, कुणी म्हणालं रिक्षा लावा,
रिक्षाचा हिशोब फळ्यावर मांडून पुसला गेला.
तेव्हा धारप उभे राहिले.
"आपणच उभं राहू या. पुलापासून पायऱ्यांपर्यंत.
आपण सगळे... म्हणजे, रोज दोघांनी... पाळी लावू."
आणि थबकले.
या वेळी पंख्याकडे कुणी बघितलं नाही.
मोडकबाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं तेच,
खाली सहा वार, बारा नावं.
दुसऱ्या दिवशी फलकापुढे मुली हसून हसून वाकल्या.

सगळं जमलं असं नाही.
दहावी क ची प्रांजल पवार येत नव्हती, ती आलीच नाही.
घरी गेलो आम्ही चौघं. कुलूप.
शेजारी म्हणाले, दौंडला गेले, मामाकडे.
कर्डिले सरांनी तिचं नाव अजून कमी केलेलं नाही,
रोज तिच्यापुढे ग लिहितात.
हे इतिवृत्तात नाही. इथं लिहिते.

गुरुवार माझा. पोळ्यांचं शेवटचं पार्सल देऊन
तशीच निघते, टॉर्च पदरात.
धारप पुलावर उभे, कानटोपी घालून,
कुणीतरी गुन्हेगार येईल अशा बेताने.
येतात त्या फक्त मुली, एकोणीस,
प्रमेय पाठ करत, एकमेकींचे वडे खात.
माझी सानिका मधोमध चालते
आणि मला ओळख देत नाही.
मी मोजते. सतरा, अठरा.
मागे राहिलेली एक, बुटाची नाडी सुटलेली,
हात डोळ्यांवर धरून ओरडते,
"काकू, टॉर्च जरा खाली धरा ना,
रस्त्यावर."