खडूची रेघ

सोहारच्या यार्डात रात्री साडेनऊला
हवा अजून ओल्या टॉवेलसारखी मानेवर.
इस्माईल सारंग म्हणतो, आधी उतरायला शीक.
वर काय, कुणीही जातं.

दिवसभर तो क्रेनवर. गाव दाभोळ.
एके काळी जिल्ह्याकडून नेटवर खेळलेला,
आता गुडघ्याला पट्टा आणि डोळ्यांत शिट्टी.

केबलचा रिकामा ड्रम, गुडघ्याएवढा.
त्यावरून पाऊल नुसतं सोडायचं,
स्वतःला ढकलायचं नाही.
आणि खाली टाच टेकायच्या आत परत वर.
तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब
बसतो का कधी?

आवाज झाला की ती उडी धरायची नाही.
पलीकडच्या केबिनीत पहाटे तीनला उठणारे
वेल्डर झोपलेत,
एकाने परवा चप्पल फेकली होती.

सोमवारी, गुरुवारी उड्या, मोजून चाळीस.
मंगळवारी खांद्यावर वाळूची गोण,
बैठक सावकाश खाली, झटक्यात वर,
मग पोटऱ्यांसाठी फुटपाथची कड.
शुक्रवारी काही नाही.

हे काही नाही मला जमेना.
पाण्याच्या टाकीमागे चोरून उडत राहिलो
तीन शुक्रवार,
आणि रेघ खाली आली. दोन बोटं.
सारंगने विचारलंही नाही. म्हणाला,
रोज उडी मारलीस तर उडीच मरते.
झोप जा.

रेघ म्हणजे बोटाला खडू लावून
निळ्या कंटेनरवर हात पोचेल तिथे.
पहिली ऑक्टोबरातली, बिजागरीच्या खाली.
मग बिजागरी. मग कंपनीच्या नावातल्या
शेवटच्या अक्षराचं पोट.
घरी फोनवर सांगितलं, चार बोटं वाढलो.
आई म्हणाली, या वयात?

फेब्रुवारीत, सामन्याच्या चार दिवस आधी,
यार्डात आलो तर कंटेनरच्या जागी
नुसता फिकट चौकोन.
दुपारच्या पाळीत सारंगनेच उचलला होता.
हवेत वळताना दिसल्या म्हणे रेघा,
घसरलेल्या तीनसुद्धा.
कुठल्या बंदराला गेला?
कागद त्यानेही पाहिला नव्हता.

सामना हरलो. तिसऱ्या सेटमध्ये
एकदा माझं मनगट नेटच्या वर होतं,
चेंडू वाट चुकून दुसरीकडे गेला,
पण होतं.

शनिवारी नवा कंटेनर आला,
तांबूस, एका बाजूला पोचा पडलेला.
सारंगने खिशातून खडू काढला,
पायाने ड्रम सरकवला,
केबिनींकडे एकदा बघून
तोंडावर बोट ठेवलं.