वजन देऊन उभे राहा

दसरा चौकाच्या मागं, जिना उतरून तळघरात
मी गुडघ्यांचे फोटो काढतो.
बावीस वर्षं.
माणसं नावानं लक्षात राहत नाहीत,
कुणाची वाटी कुठं सरकली होती, ते राहतं.

"झोपून नको," मी सांगतो, "फळीवर चढा.
दोन्ही पायांवर सारखं वजन द्या. हलू नका."
झोपलेला गुडघा खोटं बोलतो.
अंगाचा भार पडला
की दोन हाडांमधली फट कबूल होते.

त्या सोमवारी सुभाषनगरच्या अनुसया व्हटकर आल्या.
चिठ्ठीवर वय बासष्ट,
बोटांना चामड्याचा आणि तेलाचा वास.
भिंत धरत आल्या,
पण फळीवर चढताना माझा हात घेतला नाही.
"चाळीस वर्सं मांडी घालून बसतो मी.
उजव्या गुडघ्याखाली चामडं दाबायचं नि आरी मारायची.
त्यो दाब कुठं जाणार, सांगा?"

मी प्लेट सरकवत होतो.
"आवाज बी येतोय ओ. करकर.
चप्पल करकरली तर गिऱ्हाईक वर पन्नास देतंय.
ह्येला कोण देणार?"

पडद्यावर आतल्या अंगाची फट मिटलेली,
कडेला हाडाची बारीक चोच फुटलेली.
मी काही बोललो नाही. ते माझं काम नाही.

वर मगदूम डॉक्टरांनी टेपनं मांडी मोजली:
उजवी दोन सेंटीमीटर बारीक.
"झीज आहे. आज ऑपरेशनचं बोलायचं नाही,
आधी मांडीला ताकद आणू.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, खाली दाबा, दहा मोजा, सोडा.
गोळी पाचच दिवस, जेवून.
आणि जमिनीवर बसणं बंद. खुर्ची."

"खुर्चीत बसून वेणी घालायची?"
अनुसयाबाई माझ्याकडं बघून हसल्या.
"खुर्चीत बसून हिशेब लिवत्यात."

मी खाली आलो. मागोमाग त्याही,
चपला तळघराच्या दारात राहिल्या होत्या म्हणून.
आपल्या घातल्या, आणि शेजारची उचलली.
पालथी केली. अंगठा फिरवला.
"ही कुणाची?"
"माझी."
"टाच भायेरनं झिजलीया. डावी जास्त.
जिना उतरताना गुडघ्यात आतनं चमकतंय न्हवं?"

आठ महिने झाले होते.
बायकोला सांगितलं नव्हतं,
मगदूमांना तर नाहीच.
रोज तीस-चाळीस फटी बघणारा माणूस
स्वतःच्या जिन्याला कठडा धरून उतरत होता.

"ठेवून जावा हितं. भायेरच्या अंगाला एक पदर घालतो.
बरं हुईल असं न्हाई म्हणत मी.
भार जरा सरकंल, एवढंच."

त्या दिवशी मी लक्ष्मीपुरीपर्यंत
दवाखान्याच्या रबरी सपातांवर गेलो.

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या.
सुताराकडून गुडघाभर उंचीचं बाकडं करून घेतलंय म्हणाल्या,
पाय सोडून बसायचं, चामडं मांडीवर.
काम निम्म्यावर आलंय, सून बोलती.
टॉवेल सोडला. तो नुसता दबतो म्हणे,
आता गुडघ्याखाली चामड्याची गुंडाळी:
"चामडं उलटं बोलतंय."

"दुखायचं थांबलं?"
"न्हाई की. पर आधी नुसतं दुखत हुतं,
आता कवा, किती, कशानं, त्ये कळतंय."

मग माझ्या पायांकडं नजर गेली.
"तुमचा फोटू काढला का?"
"माझा कोण काढणार? बटण काचेमागं,
मी इकडं फळीवर."

"मी दाबतो की."

तसं चालत नाही, नियम आहे, मी म्हणालो.
पण काचेमागं काय आहे ते बघायला
त्या स्टुलावरून उठल्यासुद्धा,
या वेळी गुडघ्यावर हात न टेकता.