रिक्षा इथवर येत नाही

माहीमची खाडी रिक्षा ओलांडत नाही
हे मला ठाऊक होतं,
माझ्या गुडघ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
माझगावातल्या पहिल्या सोमवारी
फाटकाबाहेर उभी राहिले, सवयीनं हात वर,
आणि एक हातगाडीवाला थांबला.
गाडीवर फरशीचे तुकडे.
"बोला मावशी."
काही नाही, म्हटलं, वारा बघत होते.

एकोणीस वर्षं कांदिवलीला
अंतर म्हणजे मीटरवरचे आकडे.
भाजी : किमान भाडं.
दाताचा डॉक्टर : त्याहून थोडं वर.
ताईचं घर : सुट्टे नाहीत, राहू द्या.
मधलं सगळं
रेक्झिनच्या फटीतून करडं, हिरवट, धावतं.

आता मी मधल्यातच राहते.

म्हातारपाखाडीच्या क्रूसापाशी
ऑडेटबाई शुक्रवारी
सांडलेलं मेण भाजीच्या सुरीनं खरवडतात,
बोर्नव्हिटाच्या डब्यात भरतात.
मी बघत राहिले तशा म्हणाल्या,
"उजेड देवाला दिला. मेण माझं."

उतारावर इस्त्रीचं टेबल, त्याचा एक पाय विटेवर.
वीट सरकली की रामसजीवन
हातातल्या शर्टाला शिवी देतो,
मग घडी मात्र फार हळू घालतो.

रे रोडकडे वळलं की
मोडून काढलेल्या जहाजांच्या गोल खिडक्या
थाळ्यांसारख्या रचलेल्या.
कोण घेतं हो?
"हॉटेलवाले," हुसेनीभाई म्हणतात, "बाथरूमला लावतात."
एवढा समुद्र बघून झाल्यावर
साबण बघायचा.

पिंपळाला साखळीनं बांधलेली प्लास्टिकची खुर्ची.
बसणारा अजून दिसलेला नाही.
मागच्या आठवड्यात कुलूप नवं होतं.

दिगंबर विचारतो, दुधाला पाऊण तास?
दूध कोपऱ्यावरच मिळतं.
मी दुसऱ्या कोपऱ्यानं जाते.

माझी चप्पल डाव्या टाचेला झिजली आहे.
हे वळण माझंच,
की इथले फुटपाथ समुद्राकडे कलतात,
अजून ठरत नाही.

मग गॅसच्या कागदांसाठी
एकदा परत कांदिवलीला जावं लागलं.
स्टेशनाबाहेर रिक्षांची तीच रांग,
तोच खाकी शर्ट, तीच मान वाकडी करून हाक.
नको म्हटलं. आकुर्ली रोडनं चालत निघाले,
थोडी तोऱ्यातच, शहरातून आलेली बाई.

नाक दाबून ज्याच्यावरून जायचे तो नाला
नदी निघाली. पाटी होती.
पाटीवर बगळा, आपल्याच नावाची पाटी असल्यासारखा.
आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला
एक दार होतं, त्यातून पिठाचा वास येत होता.
ताज्या पिठाचा! आणि मी
एकोणीस वर्षं पिशवीतलं पीठ आणत होते
किमान भाड्यानं.

हायवेच्या पुलाखाली अंगठा तुटला.
शेजारीच एक म्हातारा, पुढ्यात पेटी,
पेटीच्या झाकणावर पिवळ्या रंगानं त्याचं नाव :
किसन सदू वाघचौरे.
किती वर्षं बसता इथं?
"पुलाच्या आधीपासून."
रोज माझी रिक्षा ज्या सिग्नलला थांबायची
तो चार हातांवर होता. लाल होता आत्ताही.
एका रिक्षात एक बाई
मोबाइलकडे बघत होती.

दोरा मेणातून ओढत
त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं,
मग तोंडाकडे.
"नव्या दिसताय इकडं?"

हो, म्हटलं.
किती झाले?

"पैशाचं राहू द्या," म्हणाला,
"आधी चालून बघा."